अळणी चातुर्मास

नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार. सकाळची वेळ, बिबवेवाडीतल्या आमच्या घरची पुढची खोली.

हजर: सासूबाई, दिवाणावर. माझे मोठे दीर, ज्यांना घरात सगळेच दादा म्हणतात, खिडकीजवळच्या खुर्चीत. माझा नवरा, वर्तमानपत्र घडी करून मांडीवर. खडकीहून मुद्दाम आलेल्या वन्सं, म्हणजे माझ्या नणंदबाई, पर्स अजून खांद्यालाच. आणि मी, चहाचा ट्रे घेऊन.

गैरहजर कोणी नाही, असं मी तेव्हा विचारल्यावर सांगितलं असतं.

विषय एकच होता. माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना मी वहिनी म्हणते, आदल्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्या होत्या. मंगळवारी त्यांना मनोविकारांच्या डॉक्टरांकडे पुन्हा न्यायचं होतं. न्यायचं की नाही, आणि दवाखान्यात थांबवलेली त्यांची गोळी परत सुरू करू द्यायची की कायमची बंद, हे ठरवायला आम्ही बसलो होतो. गोळी बंद म्हणजे काय काय परत येऊ शकतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलेलं होतं. तरीही बसलो होतो.

मी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काम करते. अर्धं आयुष्य सामानाच्या आवक-जावकेत गेलं की माणूस घरातसुद्धा याद्याच करतो. वहिनी मला मॅनेजरबाई म्हणतात आणि ते दरवेळी कौतुक नसतं. तेव्हा बैठकीचं सांगण्याआधी मागचं क्रमाने सांगते.

वहिनींचं आजारपण आमच्याकडे आलं ते उत्साहाच्या रूपाने. मनाचा आजार म्हणजे गुडघ्यात डोकं घालून कोपऱ्यात बसलेलं माणूस, असं आमच्या सगळ्यांच्या डोक्यातलं चित्र. वहिनी तर गात होत्या. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर एका गाळ्यात त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. तिथे त्यांनी एकाएकी पुरणपोळ्या सुरू केल्या, मग मोदक, मग लग्नाच्या पंगती घ्यायच्या म्हणू लागल्या. झोप जवळजवळ नव्हतीच. पण घरची सून झोपत नाही आणि काम करते, याला आजार म्हणायचं आमच्या घरात कोणाला सुचणार? सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या मोठीचा झपाटा बघा." आमचं जुनं घर कसब्यात होतं. तिथल्या ओळखीच्या भांडीवाल्याकडे जाऊन वहिनी इतकी पातेली, इतकी तपेली सांगून आल्या, की त्यानेच दादांना फोन केला. "लग्न ठरलं वाटतं? आम्हाला बोलावणं नाही ते!"

त्या भल्या माणसाने सगळी ऑर्डर मुकाट्याने मागे घेतली. एक पातेलं मात्र घडवून झालं होतं. "वहिनींना बरं वाटलं की येऊन नाव घालून घेतील," म्हणाला आणि फळीवर ठेवून दिलं. वहिनी आजारी आहेत हे आमच्या आधी त्याला कळलं होतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं.

दसऱ्यानंतर उत्साह उतरला तो जमिनीच्याही खाली गेला. वहिनी लाटणं हातात घेऊन पोळपाटाकडे बघत उभ्या राहायच्या. केंद्राला कुलूप लागलं. मग घरात उपाय सुरू झाले. दृष्ट काढून झाली. हवापालटासाठी खडकीला वन्संकडे ठेवून झालं. "मन खंबीर कर" हे तर येणारा-जाणारा सांगून गेला, जणू मन म्हणजे बरणीचं झाकण, जरा जोर लावला की घट्ट बसेल. सासूबाई म्हणत, "दोन वेळचं सुखाचं आहे, नवरा सोन्यासारखा आहे, हिला दुःख कसलं?" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

शेवटी दादाच एके दिवशी म्हणाले, "डॉक्टरकडे नेऊ." पुण्यात मनोविकाराचा डॉक्टर म्हटलं की लोकांना येरवडा आठवतो, आणि येरवडा म्हटलं की पुढचं वाक्य कोणी बोलत नाही. मीही मनात जाळीच्या खिडक्या आणि विजेची यंत्रं घेऊनच गेले होते. दवाखाना होता एका साध्या इमारतीत, दातांच्या डॉक्टरांच्या आणि गणिताच्या क्लासच्या मधोमध. आत भयंकर म्हणावं असं एकच होतं, ती म्हणजे टेबलावरची मासिकं. फारच जुनी होती.

डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला बाहेर बसवून आधी वहिनींशी बोलणं केलं, मग दादांना आणि मला आत बोलावलं. चढ आणि उतार हा एकच आजार आहे, म्हणाल्या. यात कोणाचा दोष नाही, पेशंटचा तर नाहीच. लिथियमची गोळी दिली. ती झोपेची नाही, चढउतार आटोक्यात ठेवायची आहे, रक्त मधूनमधून तपासावं लागेल, हे सगळं नीट समजावलं.

आणि वहिनी सावरल्या. जादू झाली नाही. गोळ्या बदलल्या, मात्रा कमी-जास्त झाली, तोंडाला कोरड पडली, वजन वाढलं, त्याबद्दल वहिनींनी डॉक्टरबाईंना बरंच ऐकवलं. पण केंद्राचं कुलूप निघालं. एका सकाळी जिन्यात पोळ्या भाजल्याचा वास आला आणि माझा नवरा काही कारण नसताना खाली जाऊन तिथेच उभ्या उभ्या दोन पोळ्या खाऊन आला.

मग आषाढ आला. आमच्या सोसायटीतल्या देवळात बायकांचं भजनी मंडळ आहे. चातुर्मास सुरू होताना तिथे प्रत्येक बाई आपला नेम सांगते. चार महिने एक गोष्ट सोडायची. सासूबाई दरवर्षी वांगं सोडतात, जे त्यांना मुळातच आवडत नाही. त्या वर्षी वहिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी मीठ सोडते. देवाने मला माझ्या जागेवर परत आणून बसवलं. त्याला चांगलं घसघशीत काहीतरी द्यायला हवं."

मंडळात टाळ्या पडल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून घरात वहिनींची अळणी आमटी वेगळ्या पातेल्यात होऊ लागली. ते पातेलं मीच काढून ठेवलं होतं, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचं, छोटं. दिवसभर शेकडो पोळ्यांच्या कणकेत मीठ घालणारी बाई स्वतः मात्र अळणी जेवते, याचं आम्हा सगळ्यांना फार अप्रूप वाटत होतं.

श्रावण लागला तसे वहिनींचे हात थरथरायला लागले. आधी चहाचा कप बशीत वाजे. मग पोळी वाकडी जाऊ लागली. जुलाब झाले, उलट्या झाल्या. चालताना भिंत धरू लागल्या. एका दुपारी त्यांची जीभ जड झाली, काय म्हणतायत ते कळेना, तेव्हा दादांनी आणि मी त्यांना रिक्षात घातलं. जवळच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. गोळीचं प्रमाण रक्तात फार वाढलं होतं. गोळी ताबडतोब थांबवली, सलाईन लावलं. डॉक्टरबाई स्वतः धावत आल्या. "गोळ्या जास्त घेतल्या का?" नाही, मी रोज हातावर काढून देत होते. "दुसरं कुठलं औषध?" नाही. "खाण्यापिण्यात काही बदल?"

दादा म्हणाले, "छे हो. घरचंच, साधं, सात्त्विक."

मीही मान डोलावली. आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो. नेमाला खाण्यातला बदल म्हणतात, हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

तर आता बैठक.

वन्संनी सुरुवात केली. "मी पहिल्यापासून म्हणत होते, त्या गोळ्या उष्ण. आमच्या क्वार्टर्समध्ये एकीला चालू होत्या, दिवसभर नुसती पडून असायची. आणि एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाहीत."

"इतके महिने चांगली होती ना ती?" दादा म्हणाले. "मग आणखी किती? ताप उतरल्यावर आपण तापाची गोळी खातो का?"

माझा नवरा फारसा बोलत नाही. त्या दिवशी बोलला. "रक्तात विष झालं म्हणाले. विष हा शब्द मी माझ्या कानाने ऐकला."

सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मला बाई ती आधीची चालली असती. गात तरी होती."

मी ट्रे खाली ठेवला. "ठीक आहे. गोळी बंद. मग पुन्हा पातेल्यांची ऑर्डर गेली तर ती फिरवायला कसब्यात कोण जाणार? आणि पुन्हा लाटणं हातात घेऊन उभ्या राहिल्या तर रजा कोण टाकणार? वन्सं, तुम्ही?"

"तू लगेच ड्यूट्या लाव!"

"ड्यूट्या लावल्याशिवाय घर चालत नाही, वन्सं."

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "मॅनेजरबाई, हजेरीत माझं नाव आहे का?"

वहिनी चौकट धरून उभ्या होत्या. केस विंचरलेले, साडी नीट, चेहरा उतरलेला. दादा अर्धवट उठले. "तू पड ना आत. तुला त्रास नको म्हणूनच..."

"अहो, गोळ्या माझ्या, रक्त माझं आणि बैठक तुमची?"

मी खुर्ची ओढून दिली. त्या सावकाश बसल्या आणि सासूबाईंकडे वळल्या. "आई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. दोन दिवस सांगू की नको चाललंय. माझा नेम मोडला."

"कधी?"

"दवाखान्यात. तिथलं जेवण मिठाचं होतं. मला शुद्ध नीट नव्हती, भरवलं ते खाल्लं. नंतर कळलं, तेव्हा रडूच आलं." त्या थांबल्या. "पण आज पडल्या पडल्या विचार करत होते. गोळी थांबली, मीठ पोटात गेलं आणि मी ताळ्यावर आले. बाटलीतून लावलं होतं तेही मिठाचंच पाणी, नर्स म्हणाली. आणि मग मला डॉक्टरबाईंचं पहिल्या दिवशीचं बोलणं आठवलं. तुम्हाला आत बोलावण्याआधी मला एकटीला म्हणाल्या होत्या, मीठ आणि पाणी रोजच्यासारखंच घेत जा, एकदम कमी करू नका."

"मग तू मीठ सोडलंस कसं?" दादांचा आवाज चढला.

"मला वाटलं, त्या खाण्याचं सांगतायत. हे देवाचं होतं."

त्या एका वाक्यावर दादाही रागावू शकले नाहीत, कारण आम्ही सगळेच तसं समजून बसलो होतो. ज्या बाईने बरं केल्याबद्दल देवाचे आभार मानायला मीठ सोडलं, तिला त्या आभारांनीच आडवं पाडलं होतं. आणि आम्ही सगळं खापर गोळीवर फोडून मोकळे होत होतो.

"मंगळवारी मी जाणार," वहिनी म्हणाल्या. "कोणी आलं तर सोबत. नाही आलं तर रिक्षाने."

मंगळवारी दादा गेले, मी गेले, आणि वन्संही मुद्दाम पुन्हा खडकीहून आल्या. डॉक्टरबाईंनी वहिनींचं सगळं ऐकलं. हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. मीठ कमी झालं की शरीर ते धरून ठेवायला बघतं आणि त्यासोबत ही गोळीही धरून ठेवतं, असं त्यांनी सांगितलं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "रमजानच्या आधी लोक मला येऊन विचारतात, रोजे धरू का, गोळ्या कधी घेऊ. चातुर्मासाचं मला आजवर कोणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. 'खाण्यात बदल' असं विचारून भागत नाही, एवढं आज शिकले. आता आषाढात प्रत्येकाला नाव घेऊन विचारणार, नेम कोणता."

चूक आमची असून त्यांनी स्वतःच्या पदरात थोडी घेतली. डॉक्टर असं करतात हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल माझ्या मनात जे आहे, त्याला आदरापेक्षा जवळचा शब्द हवा.

दादांनी घसा साफ केला. "पण जन्मभर सवय लागते म्हणतात..."

"चष्म्याची लागली तशी?" डॉक्टरबाईंनी त्यांच्या जाड काचांकडे बघत विचारलं. "या गोळीचं व्यसन लागत नाही. गरज असते. किती वर्षं, ते आपण सगळे मिळून बघत राहू. पण आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. आणि काही झालं तर आधी मला फोन. बैठक नंतर."

बैठकीचं त्यांना कोणी सांगितलं असावं, हे वहिनींच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

रक्ताचा नवा रिपोर्ट बघून कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू झाली. मीठ-पाणी रोजच्यासारखं. वहिनींना मात्र अर्धवट सुटलेला नेम टोचत होता. जेवताना पानातल्या मिठाकडे चोरून बघायच्या. हे कोडं सोडवलं सासूबाईंनी. एका दुपारी त्या म्हणाल्या, "मोठे, तुझा नेम माझ्याकडे दे. घरातला नेम घरातच राहील. देवाला कोणी पुरा केला याच्याशी काय करायचंय?"

सासूबाईंना रक्तदाब आहे. त्यांचे डॉक्टर कितीतरी वर्षं मीठ कमी करा म्हणून कानीकपाळी ओरडत होते आणि सासूबाई लोणच्याची बरणी जवळ ओढत होत्या. मी आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. नेम म्हटल्यावर आता मी कोणावरच विश्वास ठेवत नाही. ते म्हणाले, अगदी अळणी नको, पण वरचं मीठ, लोणचं, पापड सोडत असतील तर मी स्वतः येऊन त्यांना शाल-नारळ देईन. सासूबाईंनी तेवढं सोडलं आणि कार्तिकीपर्यंत एकदाही मोडलं नाही. रक्तदाब उतरला. आता त्या सगळ्यांना सांगतात, "मोठीच्या आजाराने मला बरं केलं." शास्त्रात हे बसतं की नाही मला माहीत नाही. आमच्या घरात बसलं.

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं आहे ते त्याच सासूबाईंचं एक वाक्य. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चालू होत्या. वन्सं मदतीला आल्या होत्या आणि सवयीने म्हणाल्या, "वहिनी, गोळी घेतली का हो तुमची ती, डोक्याची?" सासूबाई चकलीच्या सोऱ्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "डोक्याची, गुडघ्याची, जिची तिची. तू तुझी थायरॉईडची घेतलीस का?"

वहिनींच्या हाताला बारीक कंप अजून येतो. डॉक्टरबाईंना ठाऊक आहे, त्याच्यावर लक्ष आहे. वहिनी म्हणतात, "म्हणूनच माझ्या चकलीला काटे चांगले येतात." मधे एकदा पुन्हा झोप उडायला लागली, आवाज चढायला लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच मला सांगितलं, "मॅनेजरबाई, मला फार छान वाटतंय. फोन लाव." फार छान वाटतंय म्हणून डॉक्टरांना फोन करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या वेळी केंद्र बंद ठेवायची पाळी आली नाही.

कसब्यातलं ते पातेलंही आम्ही दोघींनी जाऊन आणलं. भांडीवाल्याने फळीवरून काढलं, पुसलं, त्यावर वहिनींचं नाव घातलं आणि विचारलं, "आता बरं आहे ना?" वहिनी म्हणाल्या, "गोळी चालू आहे, म्हणून बरं आहे." तो म्हणाला, "मग चालू ठेवा." आमच्या बैठकीला याला बोलावलं असतं तर ती चहा गार व्हायच्या आत संपली असती.

आता पुन्हा आषाढ जवळ आलाय. वहिनींनी ठरवलंय की मंडळात नेम सांगायच्या दिवशी आपण उभं राहायचं आणि गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आजाराच्या नावासकट. "माझ्यासारखी आणखी एखादी असेल. ती गोळी लपवून खात असेल आणि मीठ चारचौघांत सोडत असेल," म्हणाल्या. दादांना अजून धास्ती आहे. त्यांची परगावी शिकणारी मुलगी आता लग्नाची आहे, लोक काय म्हणतील. वहिनी त्यांना म्हणाल्या, "अहो, मी परवानगी मागत नाहीये. कळवतेय."

मंडळाच्या अध्यक्षबाईंशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "विषय चांगला आहे हो. पण आपल्या मंडळात तसलं कोणी नाही."

मी हे वहिनींना सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. हसू आवरेना त्यांना. "अगं, मी पहिल्या रांगेत बसते. टाळ माझ्याकडे असतात."

तेव्हा आता फोन नाही. दोघींनी अध्यक्षबाईंच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि एकादशीच्या दिवशीची पाच मिनिटं मागून घ्यायची. सोबत डब्यात काय न्यायचं तेही ठरलंय, वहिनींच्या हातच्या चकल्या. माझ्या यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खुणा झाल्या. हे तेवढं राहिलंय.